बारा टोपल्या



येत्या 8 सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मोत्सव. त्यानंतरच्या रविवारी वांद्र्याच्या डोंगरावर मोत माउलीचा सण आणि आठवडाभर जत्रा. दरवर्षीप्रमाणे आपल्या धर्मग्रामातली निम्मी घरे तरी एक दिवस वसईहून गाडी पकडून तिकडे जातील. गाडीत उभ्याने प्रवास, डोंगर चढताना लागलेला दम, नवसाची मेणबत्ती आणि परतताना पिशवीत खाजे व काळे चणे. आईने मला पहिल्यांदा तिथे नेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. खरे सांगायचे तर मला त्या दिवसाची प्रार्थना आठवत नाही, पिपाणी आठवते.

गेल्या वर्षी जत्रेत मी बराच वेळ मेणबत्त्या लावतात त्या जागेजवळ उभा होतो. एका बाईने मेणबत्ती लावली, हात जोडले, डोळे पुसले आणि ती वळली. ती दहा पावले गेली नसेल, तोच तिथल्या माणसाने ती मेणबत्ती विझवून बाजूच्या पिंपात टाकली. मला वाईट वाटले. नवसाची मेणबत्ती! पण त्या माणसाचा तरी काय दोष? मागे माणसांची रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात चार-चार मेणबत्त्या होत्या. जागा होती तेवढीच. माझ्याही हातात सहा होत्या, कारण येताना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिल्या होत्या.

पूर्वी वेदीवरच्या मेणबत्त्या मधमाश्यांच्या मेणाच्याच असाव्यात असा ख्रिस्तसभेचा नियम होता. पास्काच्या रात्रीच्या प्रकाशगीतात म्हणून तर मधमाश्यांचाही उल्लेख आहे. आज आपण विकत घेतो ते मेण बहुतेक खनिज तेलापासून काढलेले असते. तरी मेणाचे एक बरे असते, ते वितळवून पुन्हा मेणबत्ती करता येते. जत्रेतल्या बाकीच्या गोष्टींचे तसे नाही. पाण्याच्या बाटल्या, सरबताचे पेले, हारांवरचे प्लॅस्टिक, खाऊच्या पिशव्या, पन्नास पावलांवर मोडणारी खेळणी. या सगळ्याचा नवस कोणी बोललेला नसतो.

आपण वांद्र्याला यात्रेकरू म्हणून जातो आणि एक गोष्ट विसरतो. ते कोणाचे तरी गाव आहे. सिनेनटांच्या बंगल्यांमुळे वांद्रे आपल्याला श्रीमंतांचे वाटते. पण रनवार, पाली, चिंबई ही जुनी गावठाणे तिथे अजून आहेत. चिंबईचे कोळी अजून समुद्रावर जातात. 1896 साली मुंबईत गाठीच्या तापाची साथ आली, त्या काळात लोकांनी गल्लीगल्लीत क्रूस उभारले. त्यांतल्या अनेक क्रुसांपुढे अजून दिवा लागतो. रनवारच्या आणि चॅपेल रोडच्या भिंती आता चित्रकारांनी रंगवल्या आहेत. तिथे 2003 पासून ‘सेलिब्रेट बांद्रा’ नावाचा महोत्सव होत आला आहे. कार्टर रोड आणि बँडस्टँडच्या समुद्रकाठच्या पदपथांसाठी तिथल्या रहिवाशांनी महापालिकेच्या पाठी लागून, स्वतः राबून काम करून घेतले. डोंगरावरचे 1904 साली बांधून झालेले आजचे चर्च एका पारशी वास्तुविशारदाने रेखाटले आहे. 1954 साली त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला. माउलीपुढे हिंदू येतात, मुसलमान येतात, पारशी येतात. अशी जागा मुंबईत फार नाही. आणि अशी जागा टिकते ती तिथे राहणाऱ्यांनी रोज थोडे थोडे झिजून. आपण एक दिवस जातो, नवस फेडतो, आणि आपला कचरा त्यांच्या दारात ठेवून येतो.

कोणी म्हणेल, फादर, महापालिकेची माणसे रात्री सगळे उचलून नेतात. होय, नेतात. पण कुठे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार वाचला होता. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो. त्याचा मथितार्थ असा की, जे अस्तित्वात आहे ते पूर्णपणे शून्यात नेणे हे कोणाही प्राण्याच्या हातात नाही. ते सामर्थ्य केवळ परमेश्वराचे. आणि परमेश्वर ते सामर्थ्य असूनही तसे करत नाही, जे निर्माण केले ते सांभाळतो. थॉमस अक्वायनस यांना प्लॅस्टिकचा पेला ठाऊक नव्हता. पण मी जेव्हा पेला “टाकून देतो” तेव्हा माझी समजूत अशी असते की तो आता नाही. माझ्या दृष्टीने तो शून्यात गेला. म्हणजे देवसुद्धा जे करत नाही ते मी दिवसातून चार वेळा करतो असे मला वाटते! प्रत्यक्षात पेला गेलेला नसतो. मुंबईत 1927 पासून कचरा पोटात घेणारे देवनार आहे, आणि आता कांजूरमार्ग आहे. 2016 च्या जानेवारीत देवनारच्या डोंगराला आग लागली, तेव्हा दूर राहणाऱ्यांच्याही नाकात धूर गेला आणि वर्तमानपत्रांत मथळे आले. त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या नाकात तो बारमाही जात होता, त्याचे मथळे क्वचितच आले. आपलेही देवनार आहे. आपला कचरा गोखिवऱ्याला जातो आणि तिथेही आग लागते, हे आपल्याला वाऱ्याची दिशा बदलली की कळते.

आता शुभवर्तमानाकडे येऊ. पाच भाकरी आणि दोन मासे ही कथा चारही शुभवर्तमानांत आहे. लोक जेवले, तृप्त झाले आणि बारा टोपल्या तुकडे उरले, असे चौघेही सांगतात. पण उरलेले तुकडे गोळा करा, काहीही वाया जाता कामा नये, अशी प्रभू येशूने स्वतः आज्ञा केल्याचे फक्त संत योहान सांगतात, सहाव्या अध्यायात. नवल आहे. ज्याने पाच भाकरींतून पाच हजारांना जेवू घातले त्याला उरल्या तुकड्यांची काय पडली होती? आणि भाकरी कसल्या, तर जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्या. मला वाटते चमत्कार करणाऱ्यालाच तुकड्याची किंमत कळते. आपल्याला वाटते, भरपूर आहे म्हणजे टाकायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. आज्ञा कोणाला केली? जमलेल्या लोकांना नाही, शिष्यांना. टोपल्या बारा आणि प्रेषितही बारा. याचा अर्थ पेत्राच्या हातातही एक टोपली होती. ज्याच्या गादीवर पुढे पोप बसले, तो त्या संध्याकाळी वाकून गवतातले तुकडे वेचत होता. त्यासाठी बाहेरून माणसे बोलावल्याचे शुभवर्तमानात कुठे नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळे लिहायला बसलो. याच अध्यायात पुढे, दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनात प्रभू येशू म्हणतो की पित्याने जे मला दिले त्यातले काहीही मी हरवू नये, अशी पित्याची इच्छा आहे. तिथे तो भाकरीविषयी बोलत नाही, माणसांविषयी बोलतो. मूळ ग्रीकमध्ये तुकड्यांसाठी आणि माणसांसाठी एकच क्रियापद आहे. आपल्या भाषांतरात एकीकडे “वाया जाणे” आणि दुसरीकडे “हरवणे” असे शब्द आल्यामुळे तो धागा दिसत नाही. योहानाला तो दिसत होता. जो तुकडा सोडत नाही, तो माणूसही सोडत नाही.

हे मी सेमिनरीत शिकलो होतो. गेल्या वर्षीच्या आपल्या सणाला ते मला आठवले नाही.

आपल्याला आठवत असेल, सण मोठा झाला. मंडप, रोषणाई, गायनवृंद, जेवण. सणानंतरच्या पत्रकात मी सर्वांचे आभार मानले होते. मंडपवाल्यापासून देणगीदारांपर्यंत एकही नाव सुटू नये म्हणून यादी दोनदा तपासली होती. सोमवारी सकाळी कचऱ्याच्या काळ्या पिशव्या फाटकापाशी रचून ठेवलेल्या होत्या. ताटल्या, उरलेला भात, हाडे आणि फुटलेल्या बाटल्या, सगळे एकत्र. ते उचलायला आलेल्या बाईचा तळवा काचेने कापला. मी न्याहारी करत होतो. मी स्वयंपाक्याच्या हाती पट्टी आणि शंभराची नोट पाठवली आणि पुन्हा जेवायला बसलो. तीन आठवड्यांनी ती रस्त्यात दिसली तेव्हा कळले की जखम चिघळली होती, टाके पडले होते आणि रोजंदारी असल्याने तेवढे दिवस मजुरी बुडाली होती. तिने तक्रार केली नाही. मी विचारले म्हणून सांगितले. त्या दिवशी प्रथम मी तिचे नाव विचारले. ती सहा वर्षे आपल्या फाटकाशी येत होती. नाव इथे छापू का, असेही विचारले. ती हसून नको म्हणाली.

बुडालेली मजुरी आपण सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडून दिली. पण ती काच मी स्वतः फोडली नसली तरी पिशवी माझ्या फाटकात होती.

2015 साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाऊदातो सी’ हे परिपत्रक लिहिले तेव्हा पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश त्यांनी एकत्रच ऐकायला सांगितला. मी त्यावर या धर्मग्रामात तीन प्रवचने दिली आहेत. चांगली झाली होती असे काही जण म्हणाले.

आपण वसईकर या बाबतीत अगदीच नवखे नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर हरित वसईसाठी मोर्च्यांत चाललेली माणसे आजही पहिल्या मिस्साला पुढच्या बाकांवर बसतात. फादर 2024 साली आपल्यातून गेले. त्या वेळी बागायती आणि विहिरींचे पाणी वाचवायला आपण रस्त्यावर उतरलो. आज आपल्याच वाड्यांतला सोनचाफा पहाटेच्या गाडीने दादरला जातो आणि आपल्या वेदीवर सणाच्या दिवशी प्लॅस्टिकची फुले असतात, कारण ती पुढच्या वर्षीही चालतात. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आली, तेव्हा आपण शहाणे होऊन कागदी ताटल्या आणल्या. त्या कागदाला आतून प्लॅस्टिकचा थर आहे, हे दुकानदाराने सांगितले नाही आणि आपण विचारले नाही.

गेल्या महिन्यात धर्मग्राम परिषदेत यावर चर्चा झाली. ती शांतपणे झाली असे म्हणता येणार नाही. एका ज्येष्ठांचे म्हणणे, सण वर्षातून एकदाच येतो, त्यातही हात आखडायचा का? त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. प्रभूच्या पायांवर मरियेने महागडे सुगंधी तेल ओतले तेव्हा हिशेब काढणारा यहूदा होता, हे मला ठाऊक आहे. भक्तीत उधळण असू शकते. पण मरियेने स्वतःजवळचे ओतले होते, दुसऱ्याचा तळवा कापून नव्हे. केळीच्या पानांची सूचनाही आली, आपल्याकडे पानांना काय तोटा! रस्सा कोणाच्या मांडीवर वाहील यावर बराच विनोद झाला आणि ती सूचना वाहून गेली. शेवटी स्टीलच्या ताटांवर एकमत होत आले, तेव्हा महिला मंडळाच्या अध्यक्षा उठल्या आणि म्हणाल्या, “फादर, पर्यावरण आले की भांडी बायकांनीच घासायची का?” सभागृहात शांतता पसरली. त्यांचे बरोबर होते. ठराव असा झाला की ताटे पुरुष घासतील. ठरावाला अनुमोदन द्यायला थोडा वेळ लागला, पण ते मिळाले.

तर वांद्र्याला जाताना पाण्याची बाटली घरून न्यावी, कापडी पिशवी न्यावी आणि जे नेले ते रिकामे होऊन परत आणावे. मेणबत्ती एक पुरे. शेजाऱ्यांनी दिलेल्यांचे पैसे त्यांच्या नावाने दानपेटीत टाकले तर माउली रागावेल असे मला वाटत नाही.

आपल्या सणाला वेदीवर ताजी फुले असतील; ज्यांच्या वाडीत फुले आहेत त्यांनी आदल्या संध्याकाळी आणावीत. जेवण स्टीलच्या ताटांत. काचेसाठी वेगळे पिंप फाटकाजवळ ठेवले जाईल, त्यात दुसरे काही टाकू नये. उरलेले चांगले अन्न त्याच रात्री वाटले जाईल. ताटांत टाकलेले मागच्या आवारातल्या खतखड्ड्यात जाईल. युवक संघाने खड्डा खणून ठेवला आहे.

सणानंतरच्या सोमवारी सकाळी सात वाजता मैदानात जमायचे आहे. बुरुडाकडे बारा टोपल्या सांगितल्या आहेत, हातमोजेही आणून ठेवतो. एक टोपली माझी. उरलेल्या अकरांसाठी नावे धर्मग्राम कार्यालयात द्यावीत. परिषदेच्या सदस्यांनी कृपया आधी द्यावीत. नऊ वाजता चहा आहे, आणि या वेळी फाटकाशी येणाऱ्या त्या बाईंना मी आपल्यासोबत चहाला बोलावले आहे. त्या येईन म्हणाल्या आहेत.

आपला,
धर्मगुरू