एक पान जास्त

दिवाळीच्या सुटीत प्रवासाला निघणे हा आता मराठी मध्यमवर्गाचा नवा कुळाचार होऊन बसला आहे. लक्ष्मीपूजन आटोपले, भाऊबीजेची ओवाळणी ताटात पडली, की चिवड्याचे आणि शंकरपाळ्यांचे डबे पिशव्यांत भरून कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर पडतात. कोणी समुद्रावर जातो, कोणी देवाला. निघण्यापूर्वी घरातला कर्ता माणूस खर्चाचा अंदाज मांडतो. पेट्रोल, टोल, खोल्यांचे भाडे, जेवणखाण, देवीची ओटी, वाटेतली खेळणी, सारे काही त्यात येते. एक रकाना मात्र बहुधा कोराच राहतो. ज्या खोलीत आपण रात्र काढणार, ती आपल्या आधी आणि आपल्यामागून जे हात झाडतात, त्या हातांचा तो रकाना. त्यांना काही द्यावे काय, द्यावे तर किती, आणि मुख्य म्हणजे कोणत्या नात्याने द्यावे?

प्रश्न पन्नास-शंभर रुपयांचा आहे, हे मला मान्य आहे. सणासुदीला असल्या किरकोळ गोष्टीचा काथ्याकूट कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या माणसाची आणि आपली पुन्हा कधी गाठ पडायची नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यात आपल्या नीतीची जेवढी पारख होते तेवढी मोठमोठ्या देणग्यांत होत नाही. शेजाऱ्याशी आपण गोडीने वागतो, कारण उद्या त्याच्याशी काम पडते. घरच्या मोलकरणीला दिवाळीचे पोस्त देतो, कारण तिने वर्षभर टिकावे असे आपल्याला वाटते. नेहमीच्या खाणावळीतल्या वेटरला चार पैसे जास्त दिले तर पुढल्या खेपेस तो वरण गरम आणतो. वाटेवरच्या लॉजमधील झाडणारी बाई आपल्याला काय देणार? तिचे काम तर आपण निघून गेल्यावर सुरू होते.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले, की बालाघाटाच्या डोंगरातला घाट चढून वीसेक किलोमीटरवर मांजरसुंबा लागते. धुळे-सोलापूर महामार्गाला येथे पाटोद्याकडून येऊन केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता मिळतो, आणि त्यामुळे हे छोटेसे गाव म्हणजे अवघ्या मराठवाड्याचा चव्हाटा झाले आहे. तुळजापूरची भवानी, अंबाजोगाईची योगेश्वरी, परळीचा वैजनाथ, जवळच कपिलधारचे मन्मथस्वामी. कुठलाही देव गाठायचा असो, गाडी या चौकात घटकाभर थांबते. माणसे चहा घेतात, रबडी खातात, आणि फारच रात्र झाली तर जवळच्या लॉजवर पाठ टेकतात.

गेल्या दिवाळीत परळीहून परतताना आम्हीही अशीच एक रात्र तेथे काढली. सकाळी मी काउंटरवर पैसे देत उभा होतो. तेवढ्यात जिन्यावरून एक पन्नाशीची बाई खाली आली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात शंभराची नोट. तिने ती नोट मॅनेजरच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "सतरा नंबरात गिलासाखाली व्हती." मॅनेजरने मान वर न करता नोट गल्ल्यात टाकली.

मला राहवेना. मी म्हणालो, "मावशी, ती कोणी तुमच्यासाठीच ठेवली असेल की!"

ती म्हणाली, "आसंल, दादा. पर मला कुनी सांगितलं तसं? चिठ्ठी न्हाई, चपाटी न्हाई. उद्या फोन आला, नोट राहिली म्हून, तर मंग म्या काय सांगू?"

एवढे बोलून ती पुढच्या खोलीकडे वळलीसुद्धा.

तिच्या त्या दोन वाक्यांत या प्रश्नाचे मर्म आहे, असे मला वाटत आले आहे. सतरा नंबरचा प्रवासी दुष्ट नव्हता. उलट चारचौघांपेक्षा उदार होता. त्याने शंभर रुपये ठेवले, आणि ते तिला मिळाले नाहीत. ज्या बाईचे सारे आयुष्य परक्यांच्या खोल्यांत, परक्यांच्या वस्तूंमध्ये जाते, तिच्यावर चोरीचा आळ यायला एक नोट पुरेशी असते. त्या उदार गृहस्थाच्या हे ध्यानातही आले नसेल, कारण त्याने पैसे खोलीला दिले होते, माणसाला दिले नव्हते.

आपण हे असे का करतो? मला वाटते, संकोचामुळे. वेटर बडीशेपेच्या ताटलीत बिल घेऊन आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याला नाही म्हणणे अवघड जाते. सामान उचलणारा पोऱ्या दाराशी घुटमळतो. खोली झाडणारी बाई मात्र दिसतच नाही. हॉटेल जितके मोठे, तितकी ती अधिक अदृश्य असावी अशी तेथली शिस्त असते. त्यामुळे आपले देणे कष्टाच्या मापाने न जाता नजरेच्या मापाने जाते. जो दिसतो त्याला मिळते, आणि आपल्या उष्ट्यामाष्ट्या ताटल्या, ओले टॉवेल, केसांनी तुंबलेली मोरी जी निस्तरते, तिला मिळत नाही.

येथे एक शहाणा आक्षेप ऐकू येतो. पगार देणे हे मालकाचे काम. गिऱ्हाइकाने मध्ये पडून मालकाचा खिसा का वाचवावा? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. अमेरिकेत त्याचा चांगला पडताळा आलेला आहे. तेथे आगगाडीच्या शयनगाड्या चालवणाऱ्या पुलमन कंपनीने यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना हमाल-सेवक म्हणून नेमले आणि त्यांचे पगार असे तोकडे ठेवले, की उतारूंच्या टिपेवाचून त्यांचे घर चालू नये. बिछाना घालणाऱ्या, बूट पुसणाऱ्या या माणसांना त्यांचे नावही विचारले जात नसे. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून उतारू सगळ्यांनाच 'जॉर्ज' म्हणत. १९२५ साली त्यांनी फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर, १९३७ साली, कंपनीला करारावर सही करायला लावली. तरी ती चाल मोडली नाही. टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायची किमान मजुरी तेथील केंद्रीय कायद्यात १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर थांबून राहिली आहे. टिप धरूनही सर्वसाधारण किमान मजुरी भरली नाही तर उरलेली भर मालकाने घालावी, असे तो कायदा सांगतो. पण मजुरीचा मोठा भाग गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडला गेला तो गेलाच. उलट जपानात टिप देण्याची रीतच नाही, आणि म्हणून तेथल्या खोल्या काही अस्वच्छ राहत नाहीत.

तेव्हा टिप ही पगाराची जागा घेऊ शकत नाही, घेऊ नये. आपल्याकडे किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला, त्यामागचा विचार हाच, की श्रमाचे मोल कोणाच्या लहरीवर राहू नये. पण म्हणून मांजरसुंब्याच्या त्या बाईला, 'मावशी, तुमचा पगार वाढला पाहिजे हे तत्त्व मला मान्य आहे, सबब मी काही देत नाही,' असे सांगून गाडीत बसणे मला जमणार नाही. तत्त्वाच्या आड खिसा लपवणे ही आपली जुनी कला आहे.

मग हे द्यायचे ते दान म्हणून काय? आपल्या परंपरेला विचारले तर तीही नकारच देते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जो आपल्या उपयोगी पडला नाही त्याला कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक. मान न राखता, तुच्छतेने दिलेले ते तामस. ती बाई तर आपल्या उपयोगी पडलेली आहे. तिला दिलेले दान होऊच शकत नाही. तेव्हा दात्याचा तोरा आपल्याला शोभत नाही. आणि तैत्तिरीय उपनिषदाने तर स्नातकाला बजावले आहे, की द्यावे ते लाजून, विनयाने द्यावे. देणाऱ्याने लाजावे! घेणाऱ्याला लाजवणाऱ्या आपल्या रीतीहून हे किती निराळे आहे.

बलुत्याची आठवणही येथे कोणी काढील. बलुतेदाराला सुगीत धान्य मिळे ते भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून. खरे आहे; पण त्या हक्काला जातीची बेडी होती, आणि तळच्या माणसाला आपला हक्कही उंबऱ्याबाहेर उभे राहून, शिळ्यापाक्यावर मागावा लागे. हक्क असूनही मान नव्हता. तो गावगाडा आपल्याला परत नको आहे. मात्र त्यातला एक शब्द उचलून घ्यावासा वाटतो. तो शब्द म्हणजे 'वाटा'.

आपण त्या बाईला 'मावशी' म्हणतो. मराठी माणसाला कोणत्याही कष्टकरी बाईला मावशी म्हणायला शिकवावे लागत नाही, कारण म्हणायला पैसे पडत नाहीत. परंतु खरी मावशी दिवाळीत घरी आली तर आपण काय करतो? तिला फराळाचे ताट देतो, जेवायला बसवतो. पंगतीत एक पान वाढले म्हणून कोणाचे घर बुडत नाही. माझ्या मते किती द्यावे या प्रश्नाचे उत्तर या पानात आहे. प्रवासात त्या दिवशी आपल्या घरच्या एका माणसाच्या जेवणाला जो खर्च आला, तेवढा त्या खोलीच्या बाईचा, दर रात्रीमागे एक पान. धाब्यावर पिठले-भाकरी खाल्ली असेल तर तेवढे. समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात माणशी हजार रुपयांचे जेवण झाले असेल तर तेवढे. हे माप आपल्या ऐपतीबरोबर आपोआप चढते-उतरते, आणि 'दहा टक्के की पाच' असला व्यापारी हिशेब करावा लागत नाही. पोरांनी गादीवर रबडी सांडली असेल तर दोन पाने धरावी.

कसे द्यावे, हे सतरा नंबरच्या नोटेने शिकवलेच आहे. शक्य तर हातात द्यावे. बाई दिसली नाही तर कागदाच्या कपट्यावर मराठीत 'खोली झाडणाऱ्या मावशींसाठी' असे लिहून, खोलीचा नंबर घालून, नोट त्यात गुंडाळावी. तिला वाचता येत नसेल तर दुसरा कोणी वाचील. तेवढा कागद तिची साक्ष देईल. एकाच हॉटेलात चार दिवस मुक्काम असेल तर रोजचे रोज द्यावे, कारण शेवटच्या दिवशी झाडणारी बाई पहिल्या दिवसाचीच असेल असे नाही. आणि अलीकडे सगळे व्यवहार मोबाइलवर होऊन खिशात सुटे पैसे उरले नाहीत, तर प्रवासाला निघताना पन्नासाच्या दहा नोटा बाजूला काढून ठेवाव्या. काउंटरवरच्या चौकोनात पैसे पाठवले तर ते मालकाकडे जातात.

पण पैशांआधी एक देणे आहे, आणि ते फुकट आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात झाडू घेऊन गाव झाडीत. भाकरी मागत ती काम झाल्यावर. पैशाला ते शिवत नसत. १९५६ साली ते गेले. त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांत अजून माणसे उतरतात. त्या माणसाने झाडण्याला जी प्रतिष्ठा दिली, तिचा एक शतांश तरी आपल्याला देता येईल. ओले टॉवेल एका जागी ठेवणे, केर डब्यात टाकणे, मोरी तुंबवून न जाणे, एवढे केले तर आपण दिलेल्या पन्नास रुपयांत घाणीची भरपाई उरत नाही.

दिवाळीनंतर मांजरसुंब्याच्या चौकातून दोन प्रकारची वाहतूक चालते. एक आपली, सुटीची. दुसरी कोयत्यांची. बीड जिल्ह्यातली नवरा-बायकोची जोडपी, उचल आधीच घेतलेली, पोराबाळांसह आणि भांड्याकुंड्यांसह ट्रक-ट्रॅक्टरांत बसून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे उसाच्या तोडीला निघतात. ज्या साखरेच्या करंज्या आपल्या डब्यात असतात, तिच्यामागे तेच हात असतात. लॉजमध्ये झाडणाऱ्या बायकांतली एखादी त्यांच्यातलीच, वय झाले म्हणून मागे राहिलेली असणे अगदी शक्य आहे. एका पानाने तिचे दैन्य फिटणार नाही, आणि ते फिटवल्याचे समाधान आपण घेऊही नये. ते काम मजुरीने, कायद्याने आणि संघटनेने व्हायचे आहे. पानाचे काम लहान आहे. तू येथे होतीस, हे मला ठाऊक आहे, एवढेच ते सांगते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नवी केरसुणी पाटावर ठेवतो, तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणून तिला हात जोडतो. फार सुंदर चाल आहे ही. ज्या पूर्वजांना केरसुणीत लक्ष्मी दिसली, त्यांना ती धरणारा हात दिसला नसेल असे मला वाटत नाही. मधल्या काळात आपली नजर तेवढी आखूड झाली. यंदा प्रवासाच्या यादीतला तो कोरा रकाना निघण्यापूर्वीच भरून ठेवू या, आणि मुलांपैकी एखाद्याला त्या कपट्यावर मावशींसाठी दोन शब्द लिहायला सांगू या. त्याचे अक्षरही सुधारेल.