पायाचे दुखणे आणि देहाची अमानत

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्याविषयी सहीह बुखारीत एक लहानसा प्रसंग आला आहे. नमाजच्या बैठकीत ते मांडी घालून बसत. त्यांचे तरुण चिरंजीव वडिलांचे पाहून तसेच बसू लागले, तेव्हा त्यांनी मुलाला अडवले आणि उजवे पाऊल उभे ठेवून डावे दुमडून बसणे हीच सुन्नत असल्याचे समजावले. मुलाने साहजिकच विचारले की, मग आपण असे का बसता? आपले पाय आपला भार पेलत नाहीत, एवढेच त्यांनी सांगितले.

सुन्नतीच्या अनुकरणात इब्ने उमर (रजि.) यांच्याइतके काटेकोर सहाबी थोडेच. त्यांनीही दुखऱ्या पायासाठी मिळालेली सवलत निःसंकोच घेतली आणि मूळ नियम मुलाला विसरू दिला नाही. त्यांच्या पायाला नेमके काय झाले होते, हे या रिवायतीत नाही. मात्र परळ, लालबाग, दादर या भागांतील मशिदींत चाळिशी-पन्नाशीचे पुरुष कअदाच्या वेळी ओठ आवळून उजव्या पायाचा अंगठा किबल्याकडे वळवण्याची धडपड करताना दिसतात, तेव्हा हा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. त्यांतील अनेकांचे दुखणे एकच असते. लोक त्याला ‘युरिक ॲसिड वाढले’ म्हणतात, डॉक्टर गाउट म्हणतात, आयुर्वेदात त्याला वातरक्त म्हणतात आणि आपल्या युनानी हकीमांच्या ग्रंथांत त्याचे नाव निक्रिस असे आहे. अबू बक्र राझी आणि इब्न सीना या दोघांनीही या व्याधीवर लिहिले आहे.

शरीरातील पेशींत आणि आपल्या अन्नात प्युरिन नावाचे घटक असतात. ते मोडले की युरिक ॲसिड तयार होते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. हा निचरा कमी पडला की रक्तातील प्रमाण वाढते आणि सांध्यांत सुईसारखे स्फटिक साचू लागतात. बहुधा पहिला घाला पायाच्या अंगठ्यावर पडतो, आणि तोही रात्री. अंगठा लाल होतो, सुजतो, तापतो. पांघरुणाचा स्पर्शदेखील सोसवत नाही. आठ-दहा दिवसांनी सारे आपोआप निवळते. हे निवळणेच फसवे असते, पण त्याविषयी पुढे.

आपल्या समाजात या आजाराबद्दल एक गोड समजूत आहे. बिअरने गाउट होतो, आपण बिअरला शिवत नाही, म्हणून आपण सुरक्षित. बिअरचा या आजाराशी घट्ट संबंध आहे यात शंका नाही, आणि अल्लाहने मद्य निषिद्ध करून आपल्यावर किती उपकार केले हे वैद्यकशास्त्रही आपल्या परीने सांगते. परंतु हरामपासून दूर राहिल्याचे समाधान मानून हलालच्या बाबतीत बेफिकीर व्हावे, असे शरीअतने कुठे म्हटले आहे? सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्याची मुभा आणि उधळेपणाची मनाई एकाच आयतीत, लागोपाठ आली आहे. ज्यांच्या घरी दारूचा थेंब नाही त्यांच्या फ्रीजमध्ये कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या असतात. साखरेतील आणि गोड पेयांतील फ्रुक्टोज शरीरात मोडताना युरिक ॲसिड वाढवते. इफ्तारचे गडद गुलाबी सरबत, फालुदा, उसाचा रस, बाटलीतला फळांचा रस, सारे याच हिशेबात येते. हल्ली दावतींत ‘अल्कोहोलमुक्त’ बिअरचे डबे दिसू लागले आहेत. त्यांच्या धार्मिक बाजूविषयी आलिमांना विचारावे. गाउटच्या रुग्णाला मात्र त्यांत आडोसा नाही, कारण धान्याचे प्युरिन त्यात उरतेच.

मग प्यावे काय? पाणी, भरपूर पाणी, अर्थात ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी सोडून. बिनसाखरेचे लिंबूपाणी. साय काढलेले दूध आणि त्याचे ताक. दुधाच्या अशा पदार्थांनी धोका कमी होतो असे आढळले आहे. बिनसाखरेच्या कॉफीलाही हरकत नाही.

आता मांसाकडे वळू. बकरी ईदच्या सकाळी कुर्बानीनंतर सर्वांत आधी कलेजी शिजवण्याचा रिवाज आपल्या बहुतेक घरांत आहे. मग भेजा, गुर्दे, पाये, नळी, आणि पुढचा आठवडाभर फ्रीजरमधले मटण. प्युरिनच्या दृष्टीने कलेजी आणि गुर्दे हे सर्वांत जड पदार्थ. कोकणी घरांत त्यात भर पडते ती मासळीची. भाऊच्या धक्क्यावरून येणारी तारली, मांदेली, बांगडा, शिवाय तिसऱ्या आणि कोळंबी. मी स्वतः कोकणी ताटावर वाढलो आहे, त्यामुळे ही यादी लिहिताना हात जरा जड होतो.

तश्रीकचे दिवस हे खाण्यापिण्याचे आणि अल्लाहच्या स्मरणाचे दिवस आहेत, असा हदीसचा आशय आहे. त्या दिवसांत रुग्णाने उपाशी बसावे असे कोणी म्हणत नाही. साध्या मटणाचे दोन-तीन तुकडे त्याने खावेत, रस्सा आणि कलेजी टाळावी. कुर्बानी अदा होते ती जबह केल्याने, कलेजी खाल्ल्याने नव्हे. अल्लाहपर्यंत मांस आणि रक्त पोहोचत नाही, तुमचा तकवा पोहोचतो, हा सूरह अल-हज्जमधील आशय दरवर्षी खुत्ब्यात ऐकूनही आपण दस्तरख्वानवर तो विसरतो. मांसाचे तीन वाटे करणे मुस्तहब आहे. गोरगरिबांचा आणि नातलगांचा वाटा खरोखर घराबाहेर गेला, तर फ्रीजर इतका भरणारच नाही.

डाळींबाबत मात्र उलटी चूक होते. कोणीतरी सांगते आणि लोक मसूर, वाटाणा, पालक बंद करतात. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांच्या आहाराची १२ वर्षे नोंद ठेवून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मांस आणि मासळी अधिक खाणाऱ्यांत गाउट अधिक आढळला. प्युरिन असलेल्या भाज्यांनी मात्र धोका वाढलेला दिसला नाही. घरच्या वरण-भाताला उगाच दोष देऊ नये.

इतके लिहूनही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर या लेखाने रुग्णाचे नुकसानच होईल. कडक पथ्याने युरिक ॲसिड साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास उतरते. ज्याचे प्रमाण नऊ आहे त्याचे सहाच्या खाली आणायचे, तर बहुतेकांना औषधच लागते. हा आजार अनेकांना घराण्यातून येतो, काहींना मूत्रपिंडाच्या दुर्बलतेमुळे, काहींना रक्तदाबावरच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे. तेव्हा एखाद्याचा अंगठा सुजलेला पाहून ‘खाण्यावर ताबा नाही’ असे त्याच्या पाठीमागे बोलणे म्हणजे गुमानही आणि गीबतही. सूरह अल-हुजुरातमध्ये या दोन्हींची मनाई एकाच आयतीत आहे.

औषधाचे दोन भाग आहेत, आणि सारा घोटाळा ते एक समजल्यामुळे होतो. कळ उठली की ती शमवण्यासाठी वेगळी औषधे असतात. त्यांतील एक कोल्चिसिन. ते ज्या जातीच्या कंदापासून मिळते तो कंद आपले हकीम सुरंजान या नावाने शतकानुशतके सांधेदुखीवर देत आले. १८२० साली पॅरिसमध्ये त्यातून हे द्रव्य वेगळे काढले गेले. ते गुणकारी आहे, पण मात्रा चुकली तर विषारी, म्हणून पुडीतून अंदाजाने घेण्याची वस्तू नव्हे. दुसरा भाग युरिक ॲसिड कमी ठेवण्याचा. ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅटची गोळी रोज, वर्षानुवर्षे. डॉक्टर ती थोड्या मात्रेने सुरू करून रक्त तपासत वाढवतात, रक्तातील प्रमाण सहाच्या खाली येईपर्यंत. जुने स्फटिक विरघळू लागले की सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा कळ येऊ शकते. ‘गोळीनेच दुखणे वाढवले’ असे समजून लोक इथेच ती सोडतात. अंगावर पुरळ उठले तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आणि कळ गेली की? सूरह यूनुसमध्ये माणसाचे एक चित्र आहे. संकटात तो आडवा, बसून, उभ्याने अल्लाहला हाक मारतो. संकट टळले की जणू कधी हाकच मारली नव्हती अशा थाटात निघून जातो. ही आयत दुआ आणि कृतज्ञतेविषयी आहे, गोळ्यांविषयी नाही. पण स्वभाव तोच. रात्री दोन वाजता अंगठा धरून तौबा करणारा माणूस पंधराव्या दिवशी गोळ्यांची पाकिटे कपाटात टाकतो. स्फटिक आत तसेच असतात. काही वर्षांनी बोटांच्या सांध्यांवर गाठी येतात, मूत्रपिंडात खडे होतात. उपचार करावेत का, असे ग्रामीण अरबांनी विचारले तेव्हा प्रेषित (स.) यांनी उपचार घेण्यास सांगितले; अल्लाहने जरेखेरीज प्रत्येक व्याधीवर उपाय ठेवला आहे, असा त्या हदीसचा आशय आहे. तुझ्या देहाचा तुझ्यावर हक्क आहे, ही जाणीव तर त्यांनी अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्यासारख्या रात्रंदिवस इबादत करणाऱ्यालाही करून दिली.

केमिस्टकडून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेऊन वर्षे काढणारे लोक आपल्या मोहल्ल्यांत कमी नाहीत. त्या गोळ्या मूत्रपिंडावर आघात करतात, म्हणजे युरिक ॲसिड बाहेर टाकणारे दारच बंद करत आणतात. हिजामाची शिफारस हदीसमध्ये आहे आणि तिचा आदर आहेच, परंतु तिच्या भरवशावर रोजची गोळी सोडणे ही सुन्नत नव्हे. १९२६ पासून परळमध्ये केईएम रुग्णालय उभे आहे. केसपेपर काढून रांगेत थांबण्याचा कंटाळा हे कारण आखिरतमध्ये कितपत चालेल, याचा ज्याने त्याने विचार करावा. सांधा सुजण्यासोबत थंडी-ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तेव्हा ‘माझा नेहमीचा गाउट’ म्हणून घरी थांबू नये.

इबादतीबद्दल थोडे. वुजूत सुजलेल्या पायावर पाणी वाहू दिले तरी पुरते. हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत अवयव चोळणे फर्ज नाही. पाण्यानेच अपाय होईल असे डॉक्टर म्हणाले, तर मसहचा मार्ग आहे. सजद्यात बोटे दुमडत नसतील, कअद्यात बसवत नसेल, तर जसे बसता येईल तसे बसावे, इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना त्यांच्या आजारात प्रेषित (स.) यांनी उभ्याने, न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढण्याची मुभा दिली होती. रमजानमध्ये रोजची गोळी इफ्तार किंवा सहरीला घेता येते, आणि त्या दोन वेळांच्या मध्ये पाणी पुरेसे प्यावे. ऐन कळ उठली असताना डॉक्टरांनी दिवसा औषध-पाणी घ्यायला सांगितले तर रोजा नंतर पुरा करावा. आजाऱ्याला ही सवलत सूरह अल-बकरात आहेच.

मशिदीत खुर्ची घेणाऱ्याकडे तरुणांनी रोखून पाहू नये. जागा द्यावी, रांग सांधावी. आणि ज्याला खुर्ची लागली आहे त्याने घरी मुलांना इब्ने उमर (रजि.) यांच्याप्रमाणे सांगावे की सुन्नत अशी आहे, मी मात्र या कारणाने असा बसतो.

आज रात्री ज्यांना पायावर चादरही सोसवत नाही त्यांना अल्लाह आराम देवो. आमीन.