अडीच फूट आणि साडेपाच फूट

रूळ एकमेकांना मिळतात ते जंक्शन, अशी आपली साधी समजूत. माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. पुण्याहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली, तेव्हा कापसाची भरभराटीची पेठ असलेली बार्शी सुमारे पस्तीस किलोमीटर बाजूला राहिली. तिच्यापर्यंत फाटा न्यायला पुढची सदतीस वर्षे कोणी धजले नाही. अखेर १८९७ साली ब्रिटिश रेल्वे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉपची ‘बार्शी लाइट’ रेल्वे कुर्डुवाडीहून बार्शीला धावली, ती अडीच फुटी रुळांवर. मुख्य मार्ग साडेपाच फुटी. म्हणजे बार्शीची प्रत्येक गासडी कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर उतरणार आणि हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत चढणार. या अडण्यावरच गावाचे पोट भरू लागले. पंढरपूर (१९०६), लातूर (१९११) आणि मिरज (१९२७) जोडले गेले, तसा हा व्याप वाढतच गेला.

जंक्शन कुठेतरी झालेच असते, असे कोणी म्हणेल. झाले असते, पण एकाच मापाचा फाटा असता तर सांधे बदलून वाघिणी पुढे गेल्या असत्या आणि कुर्डुवाडीला एवढी माणसे लागलीच नसती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा सगळा अपव्ययच होता, आणि या चढउताराचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या भावातून गेला. तो मला मान्य आहे. तरी कॅलथ्रॉपचा हिशेब डावलता येत नाही. कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके, स्वस्त रूळही भरपूर माल पेलतात, हे त्याचे सूत्र. (याच गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली, वजनाचा विचार त्याची पाठ सोडत नसावा.) तेव्हा निवड रुंद आणि अरुंद रुळांत नव्हती, अरुंद रूळ की बैलगाडी, एवढीच होती.

बार्शी लाइट कंपनी १९५४ साली सरकारने घेतली, पण मापातला फरक मिटायला या शतकाची वाट पाहावी लागली. तो मिटला आणि मालधक्क्यावरची जुनी उलाढाल ओसरली. गावाचे नुकसान झाले हे खरे. पण २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून आल्या होत्या, आणि अडीच फुटी रुळांवर त्या चढल्याच नसत्या.