पत आणि स्कोअर

'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे ऐकत आपण मोठे झालो. डोक्यावर कर्ज नसणे, हीच माणसाची पत. अमेरिकेत हिशेब उलटा! ज्याने कधी कर्ज वा क्रेडिट कार्ड घेतलेच नाही, त्याला स्कोअरच नसतो.

१९८९ पासून वापरात असलेला फायको स्कोअर ३०० ते ८५० मध्ये मोजतात. त्यात ३५ टक्के वजन वेळेवर फेडण्याला, ३० टक्के डोक्यावरच्या देण्याला. घराचे, गाडीचे, शिक्षणाचे कर्ज ठरलेल्या हप्त्यांनी उतरत जाते. क्रेडिट कार्डावर मात्र मर्यादेच्या जवळ गेलात, की स्कोअर घसरतो. महिनाभर थकलेल्या हप्त्याची नोंद सात वर्षे राहते. पगार आणि बचत यांना त्यात जागाच नाही.

मग स्कोअर म्हणजे सचोटी का? मला तसे वाटत नाही. आजारपणात हप्ता थकलेला आणि ऐपत असून न भरणारा, दोघांची नोंद सारखीच. आकड्याला हेतू दिसत नाही. आपल्या शिक्षणासाठी वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, ते ऋण तर कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही. त्याला व्याज नाही, तारीख नाही, तगादाही नाही. म्हणूनच ते फेडायचे सहज राहून जाते.

मुलांना स्कोअर सांभाळायला जरूर शिकवावे. तो व्यवहार आहे. पण ज्याची नोंद कोणी ठेवत नाही, ते देणे आपण कसे फेडतो, हेही त्यांना दिसू द्यावे. खरी पत तिथे कळते.