चिऱ्याच्या भिंतीवरचा चेंडू

यंदा मे महिन्यात पुण्याहून आलेल्या भाच्याने बॅगेतून टेनिसची रॅकेट काढली. डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेला आमच्या वाड्यावर कोर्ट नाही, तेव्हा घरामागच्या चिऱ्याच्या भिंतीवर तो चेंडू मारत बसला. दहा-पंधरा फटक्यांत पिवळा चेंडू तांबडा झाला. वाड्यावरची पोरं जमली. एकाने विचारलं, "यात आपल्याकडचा कोण जिंकतो रे?" भाचा म्हणाला, "आता सगळे युरोपचे."

पोराचं उत्तर अगदी खरं होतं. 2009 मध्ये अर्जेंटिनाच्या देल पोत्रोने यूएस ओपन जिंकलं. त्यानंतर 2010 ते 2025 या सोळा वर्षांत पुरुष एकेरीच्या 63 ग्रँड स्लॅम स्पर्धा झाल्या. त्या सगळ्याच्या सगळ्या युरोपीय खेळाडूंनी जिंकल्या. अमेरिकेचा शेवटचा विजेता अँडी रॉडिक, 2003 चा. ऑस्ट्रेलियाचा लेटन ह्यूइट, 2002 चा. एके काळी हाच खेळ या दोन देशांची मिरास होता. डेव्हिस चषकाची पहिली लढत 1900 ची. तिथपासून 1973 पर्यंत तो चषक फक्त अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांच्याच घरी गेला.

ही घडी मोडण्याच्या वर्षी भारत अंतिम फेरीत होता, हे आपल्या नव्या पिढीला सांगितलं पाहिजे. 1974 साली समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णभेदाच्या निषेधार्थ भारत खेळला नाही आणि चषक त्यांना न खेळता मिळाला. मला तो नकार आपल्या टेनिसमधला सर्वांत मोठा विजय वाटतो.

त्या काळात आपण कमी नव्हतो. रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत होते. विजय अमृतराज, रमेश कृष्णन उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले. 1974 पर्यंत चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा गवतावर होत. आपल्या जुन्या जिमखान्यांत गवत होतं आणि मनगटाच्या नजाकतीला त्यावर मोल होतं. पुढे यूएस ओपनने गवत सोडलं, 1988 पासून ऑस्ट्रेलियन ओपनही कठीण पृष्ठभागावर गेलं. लाकडी रॅकेटी गेल्या, खेळ ताकदीचा आणि दमाचा झाला. दुहेरीत आपण टिकलो. वडिलांकडून गोव्याचं रक्त असलेल्या लिअँडर पेसने 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरीचं कांस्य आणलं, पुढे दुहेरीत जग जिंकलं. वडील वेस पेस 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकच्या हॉकी संघातले. घरातच खेळ होता, तरी लिअँडरला शिकायला कोलकात्याहून मद्रासच्या अमृतराज अकादमीत जावं लागलं.

युरोपकडे सत्ता का गेली, याचा विचार करताना मला यानिक सिनरचं गाव आठवतं. सेस्टो हे ऑस्ट्रियाच्या सीमेला टेकलेलं इटलीतलं डोंगरी गाव, वस्ती दोन हजारांच्या आसपास. देश इटालियन बोलणारा, घरची भाषा जर्मन. वडील हॉटेलात स्वयंपाकी, आई तिथेच वाढपी. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि दोडामार्गाची हद्द उशाला घेऊन वाढलेल्या आम्हा माणसांना हे चित्र परकं वाटत नाही. तो मुलगा तेराव्या वर्षी समुद्रकाठच्या बोर्डिगेराच्या अकादमीत गेला. इटलीत चॅलेंजर दर्जाच्या छोट्या स्पर्धा भरपूर होतात. घराजवळ खेळायचं, हरलं की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी. 2025 मध्ये तो विम्बल्डनची एकेरी जिंकणारा पहिला इटालियन ठरला.

जोकोविचचंही तसंच. बॉम्बवर्षाव सोसलेल्या बेलग्रेडमधला तो पोरगा बाराव्या वर्षी म्युनिकजवळच्या निकी पिलिचच्या अकादमीत पोचू शकला. देश गरीब होता, पण शिकवणारा गाठता येण्याजोग्या अंतरावर होता. टेनिसची सत्ता या अंतरात असते, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे हे अंतर वाढत चाललं आहे. 1997 पासून चेन्नईत असलेली पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची एटीपी स्पर्धा 2018 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत आली. डिचोलीहून एका रात्रीच्या बसचं अंतर! 2019 ला केविन अँडरसन आणि इवो कार्लोविच यांची अंतिम लढत तिन्ही सेट टायब्रेकवर जाऊन संपली. 2022 ला रोहन बोपण्णा आणि रामकुमार यांनी दुहेरी जिंकली. 2023 नंतर ती स्पर्धा हाँगकाँगला गेली आणि दक्षिण आशियात या दर्जाची एकही उरली नाही. पुण्याचं चॅलेंजर मात्र बालेवाडीत होतं, ही जमेची बाजू.

कोणी म्हणेल, चेन्नई-पुणे मिळून पाव शतक मोठी स्पर्धा होती, एकेरीचा विजेता कुठे निघाला? बरोबर आहे. दोहा, दुबईतही पैसा ओतून स्पर्धा भरतात, तिथून विजेते निघालेले नाहीत. मोठी स्पर्धा पाहायला मिळते; खेळाडू घडतो तो पंधराव्या वर्षी आठवड्याला एक सामना खेळून, संध्याकाळी घरी जेवायला येऊन. ते दिवस पणजीतल्या क्लबच्या आसपास राहणाऱ्या मुलाला मिळू शकतात. लाटंबार्सेच्या मुलाला आधी बस, मग दुसरी बस, मग फी. त्यात जून ते सप्टेंबर आमच्याकडे उघड्यावर खेळणंच नाही.

पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेचं लाल कोर्ट म्हणजे वर पसरलेली विटांची बारीक भुकटी. तांबडी माती आमच्याकडे रग्गड आहे. नाही ते छप्पर, आखलेली जागा आणि आठवड्यातून दोनदा येणारा शिकवणारा.

भाचा परत जाताना रॅकेट इथेच ठेवून गेला. पोरं आळीपाळीने ती घेतात, भिंतीवर तांबडे ठसे वाढताहेत. पुढच्या ग्रामसभेत एका छप्पराखालच्या कोर्टाची मागणी मी मांडणार आहे. पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या वाचकांनी आपापल्या पंचायतीत ती मांडावी, ही विनंती.