विचारणाऱ्याचा अधिकार

खासगी कंपनीत नोकरीचा अर्ज करताना नाव, शिक्षण, अनुभव यांच्या पाठोपाठ एक रकाना हमखास येतो: सध्याचा सीटीसी, म्हणजे कंपनीच्या हिशेबातला एकूण वार्षिक पगार. त्यापुढे अपेक्षित सीटीसी आणि नोटीस पिरियड. एचआरचा फोन आला की हेच तीन प्रश्न पुन्हा होतात, आणि ऑफर निघण्याआधी शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपही मागवल्या जातात. हे इतके अंगवळणी पडले आहे की यात नीतीचा काही प्रश्न असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. वाटलाच तर तो उमेदवाराच्या गळ्यात पडतो: आकडा खरा सांगावा, फुगवून सांगावा, की विषय टाळावा? माझे म्हणणे असे की पेच चुकीच्या माणसापुढे मांडला जातो. आधी तपासायचा तो विचारणाऱ्याचा अधिकार. उत्तर कसे द्यायचे हे त्यानंतर ठरेल.

आपल्या परंपरेत हा क्रम नवा नाही. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात सत्याच्या अपवादांची कसून छाननी केली आहे. कर्णपर्वातल्या कौशिकाची कथा तेथे येते. सत्याचे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाने, जीव वाचवायला पळालेली माणसे कुठे दडली आहेत ते लुटारूंना खरेखरे सांगून टाकले; ती मारली गेली आणि कौशिकाच्या वाट्याला नरक आला. त्याच चर्चेत मनूचा दाखला आहे: न विचारता बोलू नये, आणि अन्यायाने विचारणाऱ्याला माहीत असूनही सांगू नये. या वचनात बोलणाऱ्याच्या सचोटीइतकेच वजन विचारणाऱ्याच्या न्याय्यतेला दिले आहे. युरोपातही ह्यूगो ग्रोशियसने १६२५ मध्ये असत्याचा दोष ऐकणाऱ्याच्या हक्काशी जोडला. १७९७ मध्ये बेंजामिन कॉन्स्टंटने तोच मुद्दा मांडला तेव्हा कांट त्याच्यावर तुटून पडला. खोटे कोणाशीच बोलता येणार नाही, मारेकऱ्याशीही नाही, हे त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे. पण मनातले सगळे बोलून दाखवलेच पाहिजे, असे कांटही म्हणत नाही. म्हणजे या वादातली सर्वांत कडक भूमिका घेतली तरी मौनाला जागा उरते.

आता मागचा पगार विचारणे अन्यायाचे आहे का? त्या आकड्यातून नेमके काय कळते ते पाहावे. माणसाला काम किती येते हे त्यातून फारसे कळत नाही. त्यासाठी मुलाखत आहे, चाचणी आहे, केलेले काम आहे. कळते ते एवढेच की कधीतरी, एका विशिष्ट अडचणीत, तो कितीला तयार झाला होता. मंदीच्या वर्षी पदवी हाती पडली, आजारी आईवडिलांमुळे गाव सोडता आले नाही, बाळंतपणानंतर दोन वर्षांचा खंड पडला, किंवा पहिल्या नोकरीत घासाघीस करायची असते हे सांगणारे घरात कोणी नव्हते, अशा कारणांनी पहिला आकडा खाली बसतो. पुढची प्रत्येक कंपनी त्यावर वीस-तीस टक्के ‘हाइक’ देऊन उदार होते आणि तोच आकडा प्रारब्धासारखा एका नोकरीतून दुसरीत चालत राहतो. फरक एवढाच की प्रारब्ध निदान स्वतःच्या कर्माचे असते, असे शास्त्र म्हणते.

अमेरिकेतल्या फ्रेझ्नो कौंटीच्या शिक्षण कार्यालयात हा नियम लेखी होता: मागच्या पगारावर पाच टक्के वाढ धरून नवा पगार. अ‍ॅरिझोनातून आलेल्या एका गणित-सल्लागार शिक्षिकेला आपल्यानंतर लागलेला पुरुष सहकारी आपल्यापेक्षा जास्त पगारावर आला आहे हे जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांत कळले. खटला अनेक वर्षे चालला आणि २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने सांगितले की स्त्री-पुरुषांच्या पगारातल्या फरकाचे समर्थन मागच्या पगाराने करता येणार नाही. त्याच वर्षी बोस्टन विद्यापीठातल्या जेम्स बेसन आणि सहकाऱ्यांनी, हा प्रश्न विचारण्यावर जिथे बंदी आली त्या राज्यांचा अभ्यास मांडला. नोकरी बदलणाऱ्यांचा पगार सरासरी पाच टक्के वाढला होता. स्त्रियांचा आठ टक्के, कृष्णवर्णीयांचा तेरा. माणसे रातोरात हुशार झाली नव्हती. कंपन्यांच्या हातातून एक आकडा तेवढा गेला होता.

या बाजूने थॉमस अ‍ॅक्विनासचा एक विचार मला फार उपयोगी वाटतो. घेणाऱ्याला वस्तूची निकड आहे एवढ्याच कारणाने विकणाऱ्याने भाव चढवू नये, असे तो म्हणतो, कारण ती निकड विकणाऱ्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही ते विकता येत नाही. श्रमाच्या व्यवहारात हे उलट बाजूने लावावे. कामगाराची जुनी अडचण नव्या मालकाच्या मालकीची नाही, तर तिच्यावर त्याने सवलत कशी मागावी?

इथे एक गंभीर आक्षेप आहे. सिसेरोने तो धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोष्टीतून मांडला. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ. अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन एक व्यापारी पोहोचला आहे. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना नाही. सांगावे की नाही? बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. सिसेरोही त्याच्याच बाजूचा. मग पगार न सांगणारा उमेदवार त्या व्यापाऱ्याच्याच पंक्तीत बसत नाही का? मला वाटते, नाही. मागून येणारी जहाजे ही आजच्या भावाची गोष्ट आहे; ती दडवली तर गिऱ्हाईक आज फसते. उमेदवाराचा जुना पगार ही कालच्या सौद्याची गोष्ट आहे. आणि आजच्या भावाचे ज्ञान या व्यवहारात कोणाकडे असते? त्या जागेसाठी किती रक्कम मंजूर आहे, त्याच कामाला शेजारच्या टेबलावर काय मिळते, हे कंपनीला पक्के माहीत असते. मागून येणाऱ्या जहाजांची खबर तिच्याकडे आहे. अँटिपेटरचे म्हणणे मान्य केले तर ते आधी तिलाच लागू होते. आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या पगारपत्रावर ‘अत्यंत गोपनीय’ छापणारी कंपनी दुसऱ्या कंपनीचे तसेच पत्र बिनदिक्कत मागते, यात विसंगती आहे हेही तिच्या लक्षात येत नसावे.

कंपनीची सोय हा दुसरा आक्षेप. अपेक्षाच जुळत नसतील तर चार फेऱ्यांच्या मुलाखतीत दोघांचाही वेळ जातो. खरे आहे, पण त्यासाठी अपेक्षित पगार विचारणे पुरते, आणि त्याहून बरे म्हणजे पगाराची मर्यादा जाहिरातीतच छापणे. सरकारी नोकरीत मागचा पगार विचारतात, अंतिम वेतन प्रमाणपत्रच मागतात, तरी कोणाला ते टोचत नाही. कारण तिथे वेतनश्रेणी जाहीर असते, माहिती अधिकार कायद्याने कर्मचाऱ्यांचे वेतन प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, आणि जुन्या पगाराचा उपयोग बहुधा वेतन संरक्षणासाठी, म्हणजे माणूस खाली घसरू नये म्हणून होतो. तेव्हा दोष विचारण्यात आपोआप येत नाही. एकाने सगळे उघड करायचे आणि दुसऱ्याने मूठ झाकून ठेवायची, यातून तो येतो.

मग प्रश्न अन्यायाचा आहे, तर खोटे का सांगू नये? बाजारात हा सल्ला सर्रास मिळतो. कौशिकाच्या कथेचा आधार इथे मिळत नाही. तिथे माणसांचे प्राण पणाला लागले होते, आणि इथे मौन हा मार्ग मोकळा आहे. पण मला यापेक्षा वेगळे कारण महत्त्वाचे वाटते. आठ लाखांचे अकरा लाख सांगणारा माणूस कंपनीचा नियम मोडत नाही, मान्य करतो. मागच्या पगारावरूनच माझी किंमत ठरावी, हे कबूल करून तो फक्त आकडा बदलतो. न सांगणारा त्या नियमालाच नकार देतो. अर्धसत्याचेही तसेच. सीटीसीत मालकाचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, कधीच पूर्ण न मिळणारा व्हेरिएबल, सगळे मोजलेले असते. समोरचा ठरलेला पगार विचारतो आहे हे कळूनही तो फुगीर आकडा सांगणे म्हणजे ‘नरो वा कुंजरो वा’ झाले. धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला तो याच प्रकारच्या बोलण्याने, आणि तिथे विचारणारा तर मुलाच्या मृत्यूची खातरजमा करू पाहणारा बाप होता.

राहिला सर्वांत कठीण आक्षेप: मौन सगळ्यांना सारखे परवडत नाही. पेस्केल या पगारांची माहिती गोळा करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या २०१७ च्या सर्वेक्षणात पगार सांगायला नकार देणाऱ्या स्त्रियांना सांगणाऱ्या स्त्रियांपेक्षा १.८ टक्के कमी पगाराची ऑफर मिळाली होती. नकार देणाऱ्या पुरुषांना मात्र १.२ टक्के जास्त. एकाचे मौन आत्मविश्वास ठरते, दुसरीचे आडमुठेपणा. शिवाय ज्याचा पगार चांगला आहे तो आपणहून सांगतो, आणि मग गप्प राहणाऱ्याचा कमीच असणार असे धरले जाते. म्हणून मौन हे उमेदवाराचे कर्तव्य आहे असे मी म्हणणार नाही. घरचे हप्ते थकले असताना रकाना खरा भरणारा कोणत्याही नीतीला चुकत नाही; ज्याला शक्य आहे त्याने ‘या कामासाठी माझी अपेक्षा इतकी आहे’ एवढेच सांगावे आणि स्लिप मागितल्या तर ऑफर हाती आल्यावर द्याव्यात. पण ही असमानता उमेदवारांच्या धैर्याने मिटणारी नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशात मालकांना हा प्रश्न विचारायलाच मनाई केली आणि सदस्य देशांना कायदे करण्यासाठी जून २०२६ पर्यंत मुदत दिली. आपल्या २०१९ च्या वेतन संहितेत सारख्या कामाला वेतन देताना आणि भरती करताना लिंगभेद करण्यास बंदी आहे. मागच्या पगाराच्या रकान्याबद्दल तिच्यात शब्द नाही. तो येईपर्यंत रकाना काढून टाकणे हे ज्याने तो छापला आहे त्याचेच काम आहे, आणि त्याला त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.