हळदीचा कागद

सांगलीच्या घरात हळदीला काय तोटा! मुक्ताने वाटीभर हळद पाण्यात कालवून टीपकागदाला फासली, कागद पंख्याखाली वाळवला, कात्रीने पट्ट्या कापल्या आणि रविवारी सकाळीच घरभर तपासणी सुरू केली. वर्गात बाईंनी सांगितलं होतं, हळद हा दर्शक आहे. आम्लारी पदार्थ लागला की पिवळ्याचा लाल होतो.

आणि होत होता. कपड्यांच्या साबणाचं पाणी, धुण्याचा सोडा, आजोबांच्या पानाच्या डब्यातला चुना, सगळ्यांनी पट्ट्या लाल केल्या. आजींना त्याचं नवल नव्हतं. त्यांच्या आईच्या वेळी हळदीला चुना लावून घरीच कुंकू होत असे. आणि हळद सांडलेल्या पातळाला साबण लावला की डाग लाल होतो, हे कुठल्या बाईला माहीत नाही?

मग मुक्ताने लिंबू, चिंचेचा कोळ, आमसुलाचं पाणी, ताक, साखरेचं पाणी आणि मिठाचं पाणी घेतलं. पट्ट्या पिवळ्याच राहिल्या. तिने वहीत लिहून टाकलं, ‘या सहा पदार्थांमध्ये काही नाही.’

आता या घराविषयी थोडं सांगायला हवं. थोरली सून, म्हणजे मुक्ताची आई, फटकळ. मिक्सर बिघडला, मोटार चढेना, नणंदेने टोमणा मारला, की सगळ्या वाड्याला कळायचं. ती बोलायची, भांडायची, आणि आजी धावपळ करून ते निस्तरायच्या. धाकटी सुमन तीन वर्षांपूर्वी आली. झोपायला जाण्याआधी आजी तिला न चुकता विचारत, “काही त्रास नाही ना गं?” ती म्हणे, “नाही, आई.” आजी समाधानाने दिवा मालवत, आणि शेजारणींना सांगत, “धाकटीचं काही म्हणजे काही नसतं हो. सोनं आहे.”

मुक्ता वही वाचून दाखवत होती तेव्हा सुमन पूजेची फुलं निवडत होती.

“लिंबात काही नाही? चाटून बघितलंस का?” तिने विचारलं.

“पण काकू, कागद पिवळाच राहिला.”

“राहणारच. हळदीला आम्ल कळतच नाही. लिंबू लाव, साधं पाणी लाव, ती आपली पिवळीच. तिच्याकडून फक्त आम्लारीचं उत्तर मिळतं.”

आजींनी दोन पट्ट्या उचलल्या. “यातली लिंबाची कुठली आणि साखरेची कुठली?”

मुक्ताने निरखून पाहिल्या. तिलाही सांगता येईना.

सुमनने परडीतली लाल जास्वंद उचलली, पाकळ्या गरम पाण्यात चुरगळल्या, जांभळट पाणी गाळलं आणि वाट्यांमध्ये वाटून दिलं. लिंबू पिळताच एक वाटी झगझगीत गुलाबी झाली. ताकाची फिकट गुलाबी. सोड्याची हिरवी. साखरेच्या पाण्याने रंग बदललाच नाही. मुक्ता वाट्या मांडत सुटली. स्वयंपाकघरात भांडं उरेना.

“हे पाकळ्यांतल्या अँथोसायनिनचं काम,” सुमन सांगत होती. तिचा आवाज कधी नव्हे तो मोकळा झाला होता. “रॉबर्ट बॉइलने 1664 मध्ये व्हायोलेट फुलांचा पाक घेऊन हेच लिहून ठेवलंय, आम्लाने लाल, आम्लारीने हिरवा. आणि शाळेतला लिटमस कशाचा असतो, माहितीये? आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांपासून काढतात तो.”

“तुला गं हे सगळं कुठून ठाऊक?” आजींनी विचारलं.

“मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय ना, आई.”

केलं होतं खरं. स्थळ आलं तेव्हा पत्रिकेसोबतच्या कागदावर ते टाइप केलेलं होतं. लग्न ठरलं, कागद कपाटात गेला, आणि त्यानंतर या घरात कोणी तो विषय काढला नव्हता.

मुक्ताने वहीतली ओळ खोडली. आजी मात्र त्या दोन पिवळ्या पट्ट्या हातात घेऊन बराच वेळ पाटावर बसून होत्या. जेवणं झाली, दुपार गेली.

रात्री सुमन पाण्याचा तांब्या ठेवायला आली. “काही त्रा…” म्हणता म्हणता आजी थांबल्या.

“माहेरी जाऊन किती दिवस झाले तुला?”

सुमन गोंधळली. हा प्रश्न रोजचा नव्हता, आणि त्याला ‘नाही, आई’ हे उत्तर चालत नव्हतं. “गेल्या वर्षीच्या नागपंचमीला गेले होते.”

“आणि शिकलीस त्याचं काय करायचं मनात आहे?”

“शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा निघाली होती जूनमध्ये. म्हटलं, विचारावं… मग राहूनच गेलं.”

“ती भरली?”

“माहीत नाही.”

“उद्या जाऊन विचारून ये. मुक्ताला घेऊन जा. आणखी?”

सुमनने आजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. अंदाज घेतला असावा. “आणखी म्हणजे… रागावणार नसाल तर सांगते. आपल्या आमटीत चिंच फार पडते, आई.”

आमटी रोज आजीच करत. त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली आणि पलंगावर शेजारी जागा केली.

“बस. आणि भाजीचंही सांग.”